वेसाव्यात लेकराचे अंगण

भगिनींनो, आणि ओट्यावर बसून नातीकडून हे पान वाचून घेणाऱ्या आजोबांनो,

अलीकडे येणाऱ्या पत्रांत एक गाऱ्हाणे वारंवार असते. मुलगा नोकरीसाठी मुंबईला गेला, मागाहून सून आणि नातवंड गेले, आणि आता लेकरू तिथे रमत नाही. यातले एक पत्र वेसाव्याहून, म्हणजे मेट्रोच्या पाटीवरच्या वर्सोव्याहून आले आहे. संगमनेर तालुक्यातली ही सूनबाई लिहिते, की चार वर्षांचा मुलगा दिवसभर खिडकीच्या गजाला धरून उभा असतो, नाही तर मोबाइल मागतो. गावी वासरामागे धावणारे पोर इथे जेवायला तोंड उघडत नाही, रात्री दचकून उठते. सासूबाई म्हणतात, त्याला आमच्याकडे आणून सोड. नवरा म्हणतो, होईल सवय. दोघांच्या मध्ये तिचा जीव टांगणीला लागला आहे.

सासूबाईंची माया खरी आहे, पण माझे मत विचाराल तर लेकराला गावी ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय. अंगण एकदा सुटलेच आहे, आता आईही सुटली तर त्याने कोणाकडे बघायचे? आणि ‘होईल सवय’ हे म्हणणेही पुरे नाही. सवय आपोआप होत नाही, ती कोणीतरी हाताला धरून लावावी लागते.

त्या पोराचे नेमके हरवले काय, ते बघू या. घराबाहेर पाऊल टाकले की पाय मोकळे होतील अशी जागा. नावाने हाक मारणारी चार माणसे. माती, पाणी आणि हलणारी-धावणारी जनावरे. बरोबरीची दोन पोरे. या गोष्टी पुन्हा मिळाल्या की पोर हसू लागते, जेवू लागते. आणि त्या मिळवायच्या त्या चालत जाण्याच्या अंतरावर, कारण महिन्यातून एकदा दाखवलेल्या बागेपेक्षा रोज दिसणारी एक गल्ली लहान मुलाच्या जास्त कामाची असते. त्याला नवेपणाची हौस आपल्याला वाटते तितकी नसते. कालचेच कुत्रे आज त्याच जागी बसलेले दिसले, यात त्याला मोठा आनंद असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही नियम सांगितले. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल झाली पाहिजे, दहा ते तेरा तास झोप झाली पाहिजे, आणि पडद्यासमोर बसणे तासाच्या वर जाता कामा नये. कमी झाले तर अधिक चांगले. आपल्या गावाकडे तीन तासांचा हिशेब कोणी ठेवत नाही, पोर उठल्यापासून पायांवरच असते. दहा बाय बाराच्या खोलीत मात्र हे तीन तास शोधून काढावे लागतात.

आता एक जुनी हकीगत सांगते. ती याच समुद्राच्या काठची आहे. वेसाव्याहून किनाऱ्याने उत्तरेला गेले की डहाणूच्या पुढे बोर्डी लागते. ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करीत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी शहर सोडून बोर्डीला काम सुरू केले. त्यांच्या मदतीला अनुताई वाघ आल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, कष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या बाई त्या. बोर्डीत अडचण अशी आली, की ज्या वस्त्यांतल्या मुलांना शाळेची सर्वांत जास्त गरज, ती मुले शाळेपर्यंत येतच ना. तेव्हा या बायांनी शाळाच उचलली आणि त्या मुलांच्या अंगणात नेऊन मांडली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणावरच शाळा भरली, तिला कुरणशाळा म्हणत.

यातली आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. परदेशी पद्धतीची बालशिक्षणाची साधने महाग असत. ताराबाई-अनुताईंनी ती बाजूला ठेवली आणि त्या गावात जे पडलेले होते ते उचलले. शंखशिंपले, बिया, पाने, खडे, बांबूचे तुकडे, चिकणमाती. मोजायला शिंपले, रंग ओळखायला पाने-फुले, बोटांना वळण यायला माती. जिथे जाल तिथल्याच वस्तूंतून खेळ उभा राहतो, हे त्यांनी करून दाखवले. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ताराबाई १९७३ सालीच गेल्या होत्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

तर वेसाव्यात काय पडलेले आहे?

पहिली गोष्ट ही, की वेसावे हे गावच आहे. इमारतींची दाटी, चार बंगला, सात बंगला, यारी रोड ही नावे ऐकून आपल्याला वाटते सगळे शहर. पण खाडीच्या तोंडाशी जुना कोळीवाडा आहे, त्यात गल्ल्या आहेत, देवळे आहेत, ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. आणि तिथे मराठी बोलतात. कोळी बोलीचा हेल वेगळा, पण चार दिवसांत कानाला सरावतो. इमारतीत सगळीकडे हिंदी ऐकून गप्प झालेले लेकरू कोळीवाड्यात कोणी ‘ये रे बाला’ म्हटले तर मान वर करते. म्हणून सूनबाईंना माझे सांगणे, भाजीला जाता तशी मासळीच्या बाजाराला रोज नाही तरी दोन दिवसांआड एक फेरी मारा. माळकरी असाल, मासळी घेणार नसाल, तरी हरकत नाही. पोराला बघायचे आहे. मात्र पहाटेच्या लिलावाच्या गर्दीत शिरू नका. तेव्हा बायांना बोलायला फुरसत नसते आणि पायाखाली बर्फाचे पाणी असते. जरा निवांत झाल्यावर एका बाईशी ओळख करा, आणि पुढच्या खेपेला तिच्याकडेच जा. तिने पोराचे नाव विचारले की चार माणसांतले पहिले माणूस मिळाले.

कोळीवाड्यात एक शब्द भेटेल, खळे. आपण खळ्यावर ज्वारी मळतो, ते खळ्यावर मासळी वाळवतात. बांबूच्या उभ्या-आडव्या काठ्या बांधून चौकट करतात, तिला वलांडी म्हणतात. तिच्यावर बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून टांगलेले असतात. पावसाळा सरल्यावर ऊन पडले की हे काम चालते. लेकराला सांगा, आजोबांचे खळे तसे हे खळे. कावळे-मांजरांना हाकलायला इथेही कोणीतरी बसलेले असते. वास येतो, तो येणारच. तुम्ही नाकाला पदर लावलात की पोरही लावते, तेव्हा पदर खालीच असू द्या. आणि हे लोकांचे कामाचे ठिकाण आहे, हे विसरू नका. आपल्या मळणीत कोणी चपला घालून फिरले तर आपल्याला चालेल का? विचारून उभे राहा, पसरलेल्या जाळ्यांवरून चालू नका.

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुलाला समजेल अशी आणखी एक गोष्ट इथे आहे. समुद्रालाही हंगाम असतो. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तेव्हा बोटी काठाला ओढलेल्या असतात, कोणी जाळी विणतो, कोणी बोटीला रंग देतो. पेरणीआधी आपण औते नीट करतो तसेच. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात, बोटी सजवतात, सगळे वेसावे रस्त्यावर येते. शिमगाही इथे मोठा. हे दिवस पोराला खांद्यावर बसवून दाखवावे, त्याला वर्षभर पुरतात.

आता किनारा. वेसाव्याच्या चौपाटीला पुष्कळ वर्षे कोणी नावाजत नसे, प्लास्टिकच्या कचऱ्याने वाळू दिसत नव्हती. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथेच राहणारे वकील अफरोज शाह यांनी एका वयोवृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. मग माणसे जमत गेली, कोळी मंडळी आली, विद्यार्थी आले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी शाह यांचा गौरव केला. आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले याच वाळूतून निघून समुद्राकडे गेली. कित्येक वर्षांत असे झाले नव्हते. कचरा अजूनही येतो, पावसाळ्यात लाटा तो परत आणून टाकतात. म्हणून पोराला अनवाणी सोडण्यापूर्वी जागा नजरेखालून घाला, काच आणि सुया पाहा.

किनाऱ्यावर केव्हा जायचे, हे मात्र आजोबा गावात बसून सांगू शकतात. लहानपणी पाऊणकी पाठ केलेली आहे ना? मग तिथीचा आकडा पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण असते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि तसेच पहाटे तीनच्या. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास, कधी तासभर पुढेमागे होते, पण जुने लोक याच हिशेबावर चालत. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. याचा अर्थ असा, की त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंत संध्याकाळी पाच-सहाला पाणी खूप मागे गेलेले असते, वाळू मोकळी मिळते. षष्ठी ते नवमी संध्याकाळी पाणी वर चढलेले असते, त्या दिवसांत सकाळी नऊ-दहाला जावे. पंचांग भिंतीवर टांगलेलेच आहे. फोनवर ‘आज जाऊ नका, आज सप्तमी’ असे आजोबांनी सांगितले, की इकडे नातवाच्या दिवसात त्यांचाही हात लागतो.

ओहोटीच्या वाळूत काय बघायचे? मुगावाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या नक्षीसारख्या पसरलेल्या दिसतील. त्या बारक्या खेकड्यांच्या. हा खेकडा वाळू तोंडाशी नेऊन तिच्यातले अन्न खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. पोराला घेऊन बिळाजवळ पाच मिनिटे हलू नका, तो बाहेर येतो. पावलाचा धक्का लागला की गडप. या खेळात चार वर्षांचे चंचल पोरही चिडीचूप बसते, हे मी पाहिले आहे. खाडीच्या बाजूला चिखलात निवटे असतात, मासा असून परांवर चालतो आणि उड्या मारतो. तो मात्र लांबून, कडेला उभे राहून बघायचा. त्या चिखलात मोठ्या माणसाचाही पाय रुततो. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे येतात. रिकामे शिंपले वेचून घरी आणा, धुवा, वाळवा. आकाराने लावा, मोजा, चूल मांडा, बैल करा. आत जीव असलेला शिंपला मात्र तिथेच राहू द्यावा.

समुद्राचे भय मनात असावे. पावसाळ्यात पाण्याजवळ नेऊच नका. एरवीही लहान मुलाला घोट्याच्या वर पाणी नको आणि तुमचा हात सुटायला नको. पावसाळ्याच्या उत्तरार्धात निळ्या फुग्यासारखा एक प्राणी मुंबईच्या किनाऱ्यांवर येऊन पडतो, लोक त्याला ब्लू बॉटल म्हणतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तो फार आला होता. दिसायला खेळण्यासारखा, पण त्याचे लांब धागे अंगाला लागले की आगडोंब होतो, मेलेला असला तरी. लागलेच तर चोळू नये, धागे काडीने बाजूला करावेत, समुद्राच्याच पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. पालिकेचे मोठे रुग्णालय त्या बाजूला कूपर हे आहे.

बरोबरीची पोरे कुठे मिळतील, त्याचे उत्तर अंगणवाडी. पुष्कळ सुनांना वाटते, की आपले नाव गावच्या अंगणवाडीत, इथे कोण घेणार. असे नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे खेळ, गाणी, गोष्टी आणि ताजा आहार मिळतो, आणि राहण्याची जागा बदलली तर नावही बदलून घेता येते. २०२१ पासून ही नोंद मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये असते. तेव्हा गावच्या सेविकाताईंना सांगून ठेवा, आणि सूनबाईंनी आधार कार्ड व लसीकरणाचे कार्ड घेऊन जवळच्या अंगणवाडीत जावे. मुंबईत अंगणवाड्या जास्त करून वस्त्यांमध्ये असतात, इमारतीत विचारून पत्ता लागत नाही. कोळीवाड्यात विचारा. पालिकेच्या बऱ्याच शाळांतून बालवाडीचे वर्गही असतात. काही भगिनींची घरे बांधकामावर कामाला जाणारी आहेत, त्यांनी ठेकेदाराकडे पाळणाघराची चौकशी जरूर करावी. मोबाइल क्रेशेस या संस्थेने १९७२ पासून मुंबईत बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली, म्हणजे ही गोष्ट होण्यासारखी आहे.

मोठ्या सहली राहिल्या. त्यांचे फार सांगत नाही, ती नावे तुम्हाला माहीत आहेत. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मजेची सहल वेसाव्याच्या धक्क्यावरूनच निघते, ती मढची होडी. काही मिनिटांत खाडी पार. रस्त्याने जायचे तर मालाडहून मोठा वळसा. पलीकडे पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे, तो मराठ्यांनी १७३९ साली घेतला. आता हवाई दलाच्या ताब्यात असल्यामुळे आत सोडत नाहीत, बाहेरून बघायचा. पोराला किल्ल्याशी काय करायचे, त्याला होडीत मोटारसायकल चढते हेच नवल. दुसरी सहल मेट्रोची. वर्सोवा ते घाटकोपर ही मार्गिका २०१४ साली सुरू झाली, सव्वाअकरा किलोमीटरहून थोडी जास्त, सगळी खांबांवरून. घरांच्या छपरांवरून, रेल्वेच्या रुळांवरून गाडी जाते. स्थानक सात बंगल्याच्या बाजूला आहे, कोळीवाड्यापासून चालायला लांब पडते. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, आत कान्हेरीच्या शंभरावर लेण्या आहेत, पण लहान मुलाला झाडे आणि हरणे पुरेत. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद. तिथे २०१७ पासून पेंग्विन बघायला मिळतात. तारापोरवाला मत्स्यालय मात्र सध्या बंद आहे, आजोबांनी पूर्वी पाहिले म्हणून नातवाला आशा लावू नये. लोकल गाडीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. अशी सहल महिन्यातून एक, रविवार टाळून.

पावसाचे चार महिने खोलीत काढायचे असतात, ते सर्वांत अवघड. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत लिटल थिएटर काढून मुलांच्या नाटकांना रंगमंच दिला. रत्नाकर मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ पासून नव्याने रंगले, तेव्हा पोरे चेटकिणीला बघायला गर्दी करीत. विलेपार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात मुलांचे नाटक लागले तर एखादे दाखवावे. एरवी घरातच चादरीचा पडदा आणि चमच्यांची माणसे. आणि मोबाइलचा एक चांगला उपयोग सांगते. रोज ठरलेल्या वेळी, समजा संध्याकाळी सातला, आजीने गावाहून फोन करावा आणि गोष्ट सांगावी. फोन फळीवर पालथा ठेवा, चित्र नको, नुसता आवाज. पोर मांडीवर असल्यासारखे ऐकते. गोष्ट नवीन लागत नाही. गाईने काय केले, विहिरीला पाणी किती आले, हीसुद्धा गोष्टच.

गावाहून गाडीने कोणी जाणार असेल तर आपण ज्वारी, डाळ, लोणचे देतो. त्याच पिशवीत मेथीचे आणि मक्याचे मूठभर बी द्या, खिडकीतल्या डब्यात पोराने स्वतः पेरावे. पोळ्याला केलेला मातीचा एक बैल चिंधीत गुंडाळून द्या. भोवरा द्या, चिंचोके द्या. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर चिंचोक्यांसारख्या बारीक वस्तू त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. आजीच्या फडताळातले सागरगोटेही द्या. त्याची काटेरी वेल समुद्रकाठच्या कुंपणांत वाढते आणि बी पाण्यावर तरंगत लांबवर जाते. पाचाऐवजी सात पाठवा. दोन वाळूत हरवतात.